ब्रेकच्या आठ वाट्या

अण्णाच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आल्याशिवाय आमची आई ताटं घ्यायची नाही. अप्पांच्या पोटात कावळे ओरडत असायचे, मी दिवसभर काजं करून मान मोडून घेतलेली असायची, पण आई आपली चुलीपुढं बसून कान दाराकडं. बेंगळुरात, बसवनगुडीला त्या काळी संध्याकाळी इतकं सामसूम असायचं की देवळातली घंटा, शेजारच्या शारदम्मांकडची वीणेची शिकवणी आणि कोपऱ्यावर शेंगा भाजणाऱ्याच्या कढईवरचा झारा, एवढंच ऐकू यायचं. मग त्यातून लांबवर ती गाडी खोकायची, घशात काहीतरी अडकलेल्या म्हाताऱ्यासारखी. "आला बाई," आई म्हणायची आणि पहिला भात अप्पांच्या ताटात पडायचा. गाडी यायला उशीर झाला की आमटी तीनतीनदा गरम व्हायची. आता मी सर्जापूर रोडला भाचीच्या घरी अकराव्या मजल्यावर राहते. खालून दिवसभर हजारो गाड्या जातात, एकीचाही आवाज वेगळा कळत नाही. तरी संध्याकाळचे सात वाजले की माझे कान दाराकडं आणि ताट तसंच. भाची म्हणते, आत्या, ॲसिडिटी आहे. असेल बापडी.

आम्ही शिंपी. आमचे लोक इकडं कधी आले ते अप्पांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण जोरात आलं की दोन्ही. घराची पुढची खोली म्हणजे अप्पांचं दुकान. तीन शिवणयंत्रं, एक लांब फळी आणि कोळशाच्या दोन इस्त्र्या. एकेक इस्त्री एवढी जड की नवीन माणसाचा खांदा निखळावा. वकिलांचे, अधिकाऱ्यांचे कोट अप्पा शिवायचे. काजं, अस्तर आणि इस्त्री माझ्याकडं. शाळा सुटल्यापासून माझं तेच चाललेलं. इस्त्री किती तापली हे मी पाण्याचा थेंब टाकून आवाजावरून सांगायची. थेंब चुरचुरत बसला तर रेशमाला चालेल, छस्सकन उडाला तर लोकरीला ओलं फडकं घालून. यात माझी कधी चूक झाली नाही, हे मी या वयात मोठेपणानंच सांगते.

नागेश, म्हणजे आमचा अण्णा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानं सुई धरायला साफ नकार दिला आणि एका कारखान्यात लेथवर लागला. त्याचं ठीक चाललं होतं, तेवढ्यात ती गाडी आली. कुर्गकडचा एक मळेवाला साहेब विलायतेला परत जाताना टाकून गेलेली. दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची. दोन वर्षं शेडमध्ये कोंबड्या बसत होत्या तिच्यात. अण्णा आणि त्याचा कारखान्यातला दोस्त जोसेफ, दोघांनी ती बैलगाडीला बांधून आणली. आईनं दारातूनच विचारलं, "हे काय प्रेत आणलंय?" अण्णा म्हणाला, "आई, ही ताशी ऐंशी मैल पळते." आई म्हणाली, "कुठं जायचंय तुला एवढ्या घाईनं?"

विलायतेचं सामान तेव्हा येणं बंद झालं होतं. एक साधा पट्टा हवा असला तरी परवाना, आणि परवाना मिळेपर्यंत माणूस म्हातारा. म्हणून जे मिळत नाही ते करायचं, असं अण्णानं ठरवलं, आणि ते आमच्या घरातल्या वस्तूंतून केलं. गाडीचं छप्पर मी शिवलं, तंबूच्या जाड कापडाचं, दुहेरी शिवण घालून. बैठकींत काथ्या भरून वरून रेक्झिन चढवलं. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारी पुठ्ठ्याची चकती अण्णा बाहेर कापून आणायचा आणि ती प्रत्येक वेळी गळायची. मी म्हटलं, "अरे, तू माप घेतोस की अंदाज?" मग मी कोटाची कॉलर बेततात तसा आधी कागदाचा बेत काढला, इंजिनाच्या कडेवर काजळ लावून त्याचा ठसा घेतला आणि अप्पांच्या मधल्या कात्रीनं पुठ्ठा कापला. ती चकती गळली नाही. जोसेफनं ती चारचारदा फिरवून बघितली आणि म्हणाला, "नागेश, हिला कारखान्यात घे, तू घरी बस." मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाचच भांडी घासली.

शर्यतीसाठी अण्णानं गाडी हलकी केली, मागचा जड पत्रा काढला, हवा आत घेणारी पितळी तोंडं तांबटाकडून ठोकून घेतली. पळायचं सगळं झालं. थांबायचं राहिलं. त्या गाडीचे ब्रेक तेलावर चालायचे: पायानं दाबलं की नळ्यांमधलं तेल चाकांकडं ढकललं जायचं, आणि प्रत्येक चाकात रबराच्या दोन छोट्या वाट्या ते तेल अडवून धरायच्या. त्या वाट्या झिजल्या होत्या. एका दुपारी गवीपुरच्या उतारावर अण्णानं ब्रेक दाबला तो पायाखालच्या फळीपर्यंत खाली गेला आणि गाडी एका घराच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. कपाळाला चार टाके घालून तो घरी आला. आई रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त त्या दिवसापासून गाडीकडं बघणं सोडलं. तुळशीला पाणी घालायला जायची तर गाडीकडं पाठ करून, भिंतीला घासत जायची. पण कान मात्र तसेच, दाराकडं.

नव्या वाट्या करायचं ठरलं तेव्हा घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. अण्णानं लेथवर लोखंडाचा दोन भागांचा साचा केला. कलासिपाळ्यात टायरवर नवं रबर चढवायचं दुकान होतं बाशामामूंचं. त्यांनी कच्च्या रबराच्या पट्ट्या दिल्या. ते रबर साच्यात घालून, दाबून, नेमकं तापवायचं. कमी तापलं तर चिकट राहतं, जास्त तापलं तर भाजून कडक होतं. जोसेफनं प्रायमसवर केलं ते जळलं. अण्णानं भट्टीत केलं ते चघळलेल्या च्युइंगमसारखं निघालं. शेवटी मी म्हटलं, "सरका." एक इस्त्री उलटी ठेवली, तिच्यावर साचा, त्याच्यावर दुसरी इस्त्री. थेंब टाकत, निखारे कमीजास्त करत बसले. पहिल्या दोन बिघडल्या. तिसरी वाटी साच्यातून निघाली ती काळी, गुळगुळीत, कडेला पातळ ओठ असलेली. अण्णानं ती बोटांनी दाबली, सोडली, परत दाबली. "विमे, जमलं गं," तो म्हणाला आणि वाटी माझ्या तळहातावर ठेवली. अप्पा मात्र चिडले. जजसाहेबांच्या कोटाला रबराचा वास लागला होता, तो तीन दिवस दोरीवर वाळत होता.

बेंगळुरात तसल्या जुन्या गाड्या बाळगणारे आणखी दहाबारा जण होते आणि सगळे त्याच दुखण्यानं बेजार. अण्णा म्हणाला, "दसऱ्यानंतरच्या रविवारी जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. तिथं सगळे येणार. तुझ्या वाट्या टिकल्या, तर मी अप्पांशी बोलतो. पुढच्या खोलीत खिडकीशी तुझं वेगळं बाक लावू. गाड्यांचं हे बारीक सामान तू करायचं, तुझ्या नावावर." मी अठरा वर्षांची होते. माझ्यासाठी हुबळीकडचं एक स्थळ बघणं चाललं होतं, मुलाच्या घरीही शिवणयंत्रंच होती. त्या खिडकीजवळच्या बाकाचा विचार करून मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना.

खंडेनवमी आमच्याकडं फार मोठी. इकडं सगळीकडंच आयुधपूजा जोरात असते, पण शिंप्याच्या घरात तो आमचा मानाचा दिवस. आदल्या दिवशी यंत्रं उघडून, घासूनपुसून लख्ख करायची. नवमीला सकाळी कात्र्या, टेप, अंगुस्ताना, इस्त्र्या, सगळं पाटांवर मांडायचं, आणि घरातल्या मोठ्या बाईनं प्रत्येक कामाच्या वस्तूला तेल द्यायचं: शिवणयंत्राचं पांढरं पातळ तेल, तीन थेंब, बोटानं चोळून. मग हळदकुंकू, झेंडू. आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. तेलासकट तसंच राहू द्यायचं. कात्रीसुद्धा नाही; त्या दिवशी दोरा तुटला तर दातानं तोडायचा.

त्या नवमीला अण्णा सकाळीच कारखान्यातल्या पूजेला गेला होता. मी माझ्या आठ वाट्या एका पितळी ताटलीत मांडून अप्पांच्या यंत्राशेजारी ठेवल्या. माझंही काम होतं ते, का नको ठेवू? आई तेलाची नळी घेऊन एकेक करत आली आणि ताटलीपाशी थांबली.

"हे त्याचंच ना?" गाडीचं नाव ती घ्यायची नाही.

"हो. पण आई, हे पळायचं सामान नाही. थांबायचं आहे. ब्रेकचं."

आईनं पदर खोचून घेतला. मग चक्क खाली बसली, मांडी घालून. "थांबायचं आहे होय," ती म्हणाली, "मग याला जास्त लागेल." आणि तिनं एकेक वाटी हातात घेतली, तीन नाही, पाचसहा थेंब घातले, आतून बाहेरून चोळलं, ओठावरून बोट फिरवलं. आठही वाट्यांना. ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. चार महिन्यांनी आई गाडीच्या वस्तूला हात लावत होती. माझे डोळे भरून आले. नळी रिकामी झाली तेव्हा दुसरी भरून मीच दिली, माझ्याच हातानं.

मला शंका यायला हवी होती का? हे मी स्वतःला साठ वर्षं विचारतेय. पण अण्णा ब्रेकच्या नळ्यांत घालायला जे तेल घरी करायचा ते एरंडेलात स्पिरिट मिसळूनच की! बाजारातला डबा मिळायचा नाही म्हणून आमच्या न्हाणीघरात बाटल्या भरलेल्या असायच्या. मला वाटलं, त्या वाट्यांचा जन्मच तेलात जायचा, तर आईच्या हातच्या तेलाचं काय वाईट?

दसऱ्याला दुपारी पूजा झाल्यावर मी वाट्या पुसल्या, एरंडेलात बुडवल्या आणि एकेक अण्णाच्या हातात दिली. तो चाकाशी उकिडवा बसलेला. "घट्ट बसतायत गं," तो म्हणाला.

"नव्या आहेत," मी म्हटलं.

"सरी, बरं, सैल होतील." त्याचा माझ्या हातावर तेवढा विश्वास होता.

रविवारी उजाडताच अण्णा आणि जोसेफ गाडी घेऊन गेले. आई नेहमीसारखी माजघरात जाऊन बसली नाही. दारात उभी राहिली, गाडीकडं बघत. मला म्हणाली, "आज स्वल्प धीर वाटतोय बघ." मग ती होळीग्या करायला बसली, कालचं पुरण उरलं होतं. मला राहवेना. वाट्या ज्यांच्या रबरानं झाल्या त्या बाशामामूंना दसऱ्याची बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायची राहिली होती, म्हणून मी चार होळीग्या डब्यात घालून कलासिपाळ्याला निघाले.

मामूंनी पानं डोळ्यांना लावली, होळीगीचा वास घेतला आणि खूश झाले. "कैसे बने कप? टाइट बैठे?" मी फुशारकीनं सगळं सांगितलं. कसा रंग आला, ओठ कसा पातळ निघाला, पूजेला कशा मांडल्या, आईनं स्वतः कसं तेल चोळलं. मामूंचा हात डब्यावरच थांबला.

"कौनसा तेल?"

"मशिनचं. शिवणयंत्राचं."

"एरंडी का नै?"

"नाही मामू. मशिनचं."

"कित्ता टाइम रहा?"

"एक दिवस आणि रात्र."

त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्लाह. बेटी, एरंडी का तेल झाड का है. मशीन का तेल जमीन से निकलता. वो रबर को खा जाता. फूल जाता रबर, नरम हो जाता. दो दिन में समझ ले ब्रेक पकड़ के बैठेंगे, फिर एकदम छोड़ देंगे." मग त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "गाड़ी किदर है?"

 मी हातानंच उत्तरेकडं दाखवलं. त्यांचा एक पाय अधू होता, तरी ते रस्त्यात उतरून बससमोर आडवे उभे राहिले आणि मला तिच्यात ढकललं.

त्या बसनं मला जे छळलं ते कुणी माणसानं छळलं नसेल. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर "मुंदे होगी, मुंदे होगी", पुढं सरका, करत आणखी माणसं कोंबायचा, एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढायची, ड्रायव्हर खाली उतरून चहा प्यायचा. कानात सारखा अण्णाचा आवाज, सरी, सैल होतील. आणि आता हेही लिहून टाकते, इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मॅजेस्टिकला बस बदलताना माझ्या मनात आलं: नाही काही झालं तर? मामू म्हातारे आहेत, बोलतात वाढवून. आजचा दिवस वाट्या निभावतील, उद्या मी गुपचूप दुसऱ्या करून देईन, कुणाला कळायचं नाही. आता तिथं जाऊन सांगितलं तर खिडकीशी बाक कुठलं, त्या दहाबारा गाडीवाल्यांपैकी एकही माझ्या हातचं सामान घेणार नाही. हा विचार मी एका थांब्यापुरता केला. एका थांब्यापुरता का होईना, केला. मग अण्णाच्या कपाळावरचे टाके आठवले आणि स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी बसमध्ये मोठ्यानं "अगंबाई" म्हणाले.

शेवटचे दोन मैल चालत, पळत गेले. लढाईच्या काळातली ती धावपट्टी, मधून गवत उगवलेलं, कडेनं दोरी बांधलेली. छत्र्या घेतलेल्या मडमा, टोप्या घातलेले साहेब, शेंगदाणेवाले, आणि त्यात दावणी, म्हणजे परकरावरची ओढणी, चिखलात भरलेली, घामाघूम मी. दोरीपाशी एका माणसानं अडवलं. "यारू बेकम्मा?" कोण हवंय, विचारत होता. मला अण्णाचं नाव आठवेना! आमच्यात त्याला नावानं कोण हाक मारतंय. "अण्णा, नम्म अण्णा," एवढंच मी म्हणत राहिले आणि तो हसायला लागला. तेवढ्यात पलीकडं गाड्या ओळीत लागताना दिसल्या. झेंडेवाला हातात झेंडा घेऊन चालत निघाला होता. लांब नाकाची आमची गाडी तिसरी, आणि मी शिवलेलं छप्पर मागं दुमडलेलं. मी दोरीखालून वाकले आणि धावले. मागं ओरडा झाला, कुणीतरी माझी वेणी धरायला बघितलं. मी जाऊन गाडीच्या नाकासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

अण्णाचं तोंड पांढरं पडलं. "आईला काय झालं?"

"काही नाही. गाडी बंद कर. वाट्या बिघडल्यात. त्यांना मशिनचं तेल लागलंय, दिवसभर. मामू म्हणाले फुगतात, आणि मग सुटतात."

जोसेफ पुढच्या चाकाशी वाकला आणि लोखंडावर थुंकला. थुंकी छस्सकन उडाली. तो आवाज ऐकल्यावर मला दुसरं काही सांगावं लागलं नाही. गाडी सरावाच्या दोन फेऱ्याच फिरली होती, आणि ब्रेक न दाबताही चाक पेटायला आलं होतं. "म्हणून ओढत नव्हती," जोसेफ म्हणाला. त्यांनी गाडी ढकलत ओळीबाहेर घेतली, चाक उतरवलं. आतून माझी वाटी निघाली ती भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगलेली, बोटानं दाबली तर खळगा पडत होता, आणि तो माझा पातळ ओठ उलटा वळून फाटायला आला होता. आणखी दोनचार जोराचे ब्रेक, आणि मग पाय परत फळीपर्यंत. पण या वेळी समोर मेंदीचं कुंपण नव्हतं. जोसेफनं छातीवर क्रूस केला.

"कुणी लावलं हे तेल?" अण्णानं विचारलं.

भोवती दहापंधरा जण जमले होते, बाकीचे गाडीवाले, ज्यांना वाट्या हव्या होत्या तेच. मला आई दिसली, मांडी घालून बसलेली, वाटीच्या ओठावरून बोट फिरवणारी. हे तिला कळलं असतं तर ती उरलेला जन्म त्या बोटाकडं बघत बसली असती. आणि अण्णाचा राग असा की तो घरात पाऊल टाकायच्या आधी बोलून मोकळा व्हायचा.

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"चकाकाव्यात म्हणून."

अण्णा कधी माझ्यावर हात उगारायचा नाही, तेव्हाही उगारला नाही. ती फुगलेली वाटी त्यानं माझ्या पायाशी टाकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझीच. हे काम तुझ्या हातात द्यायला नको होतं." एक साहेब दुसऱ्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मी वाटी उचलून दावणीच्या टोकाला बांधली. का बांधली कोण जाणे.

गाडी हातब्रेकवर, बैलाच्या चालीनं घरी आणली. जोसेफ बसनं गेला, त्याच्या जागी मी, मीच भरलेल्या काथ्याच्या बैठकीवर. पंधरा मैल अण्णा रस्त्याकडंच बघत राहिला. मी रडत होते आणि वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जातेय असं दाखवत होते. आवाज ऐकून आई गल्लीतच आली. अण्णा धडधाकट दिसला तशी तिनं त्याला अंगणाबाहेर थांबवलं, मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, आणि मी त्याच्या गाडीत कशी, हे न विचारताच माझ्याही तोंडावरून हात फिरवला. अण्णा सरळ मागच्या नळावर हात धुवायला गेला. मी मागच्या पायरीवर बसले.

"लवकर आलात रे," आई मागच्या दारातून त्याला म्हणत होती. "हरलास तर हरलास. आलास ना नीट. मला सकाळपासून माहीत होतं आज काही होणार नाही. त्या तुझ्या थांबायच्या वाट्यांना मी आपल्या हातानं तेल चोळलंय, नवमीला. तीन नाही, चांगले सहासहा थेंब. विमेला विचार, दुसरी नळी भरून घेतली."

नळाचं पाणी वाहत राहिलं. अण्णाचे हात त्याखाली तसेच. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मी घाईघाईनं मान हलवली, नको, नको, बोलू नको.  त्यानं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

"हो आई," अण्णा म्हणाला. "तुझ्या तेलानंच वाचलो आज."

"मग!" आई म्हणाली. "तुम्हाला वाटतं आईला यंत्रातलं काही कळत नाही. चला, होळीगी गरम आहे."

जेवताना अण्णानं खाली मान घालून चार होळीग्या खाल्ल्या. आपल्या वाटीतलं तूप त्यानं माझ्या होळीगीवर ओतलं आणि म्हणाला, "उद्या मामूंकडून रबर आणतो. आठ हव्यात." पुढं दोनचार महिन्यांनी खिडकीशी बाकही लागलं, त्या हसणाऱ्या साहेबांपैकीच एकानं पहिल्या वाट्या नेल्या. अण्णानं माझी माफी कधी मागितली नाही, मीही ती कधी मागायला लावली नाही. आई पुढं बरीच वर्षं होती. दर खंडेनवमीला अण्णा नव्या वाट्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा आणि बाद झालेल्या आठ जुन्या घासून पितळी ताटलीत मांडायचा. आई मांडी घालून बसायची, एकेक वाटी हातात घेऊन तेल चोळायची, ओठावरून बोट फिरवायची, आणि आम्ही दोघं भावंडं, केस पिकल्यावरसुद्धा, तिची पूजा आटपेपर्यंत शेजारी हात जोडून उभी राहायचो.